क्राइस्टचर्चच्या अंटार्क्टिक केंद्रात शाळेची सहल: नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी

न्यूझीलंडमध्ये बहुतेक मुले पाचवा वाढदिवस झाला की शाळेत जाऊ लागतात, आणि क्राइस्टचर्चमध्ये राहत असाल तर पहिल्या दोन-तीन वर्षांत केव्हातरी विमानतळाजवळच्या इंटरनॅशनल अंटार्क्टिक सेंटरच्या, म्हणजे अंटार्क्टिकाची ओळख करून देणाऱ्या प्रदर्शन-केंद्राच्या, सहलीचे पत्र घरी येण्याची बरीच शक्यता असते. पुण्याहून किंवा नागपूरहून नुकत्याच आलेल्या पालकांना त्या पत्रातील निम्म्या गोष्टी अनोळखी वाटतात. कोणते पैसे भरणे सक्तीचे आहे, सोबत यायला सांगतात म्हणजे नेमके काय करायचे, डब्यात काय चालते, आणि एवढ्याशा मुलाला तिथल्या कृत्रिम बर्फाळ वादळाच्या खोलीत कशासाठी नेतात, असे प्रश्न पडतात आणि ते शाळेत विचारायला संकोच वाटतो. मी अशा तीन सहलींना मदतनीस पालक म्हणून गेले आहे, आणि पहिल्या सहलीत ज्या चुका केल्या त्या इतरांनी पुन्हा करू नयेत, म्हणून पत्र येण्यापासून मूल घरी परतेपर्यंतचा क्रम येथे मांडत आहे.

हे केंद्र याच गावात का

मुलाला सांगण्याआधी हे आपल्याला ठाऊक असलेले बरे. रॉबर्ट स्कॉटची १९०१ आणि १९१० मधील जहाजे दक्षिणेकडे जाताना क्राइस्टचर्चच्या लिटलटन बंदरात थांबली होती, आणि आजही न्यूझीलंड व अमेरिकेचे संशोधक याच गावातून विमानाने अंटार्क्टिकाला जातात. अंतर सुमारे ३,८०० किलोमीटर आहे. हर्क्युलीस विमानाला साधारण आठ तास लागतात, मोठ्या जेट मालवाहू विमानाला पाच. केंद्र विमानतळाला लागूनच असल्यामुळे दक्षिणेकडील उन्हाळ्यात, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, तिकडे जाणारे करड्या रंगाचे विमान मुलांना धावपट्टीवर दिसूही शकते. गावातल्या बसने जाता येते अशा ठिकाणाहून माणसे खरोखर अंटार्क्टिकाला निघतात, ही गोष्ट पाच वर्षांच्या मुलाला कोणत्याही प्रदर्शनापेक्षा जास्त पटते, असा माझा अनुभव आहे.

पहिली पायरी: पत्र आणि संमतीचा अर्ज

अर्ज वेळेत भरून द्यावा, कारण लेखी संमतीवाचून मुलाला सहलीला नेत नाहीत. त्यातील आरोग्याचा रकाना भरताना आपल्याकडची एक सवय सोडावी लागते. शाळेला उगाच काळजी नको, किंवा मुलाला वगळतील, या भीतीने आपण दम्याचा किंवा ॲलर्जीचा उल्लेख टाळतो किंवा 'आता बरे आहे' असे मोघम लिहितो. कोरड्या, थंड हवेने दमा बळावू शकतो, आणि या सहलीत मूल मुद्दाम थंड केलेल्या खोलीत जाणार असते. म्हणून पंपाचे नाव, तो कधी द्यायचा आणि किती वेळा द्यायचा हे स्पष्ट लिहावे, आणि त्या दिवशी नाव लिहिलेला पंप मुलाच्या दप्तरात न ठेवता थेट शिक्षिकेच्या हातात द्यावा. खरे लिहिल्यामुळे मुलाला वगळत नाहीत. त्याच्यासाठी वेगळी व्यवस्था करतात.

पैशांविषयी थोडक्यात. सरकारी शाळेच्या अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या सहलीसाठी शाळा वर्गणी मागू शकते, परंतु ती ऐच्छिक देणगी असते आणि ती न दिल्यामुळे मुलाला मागे ठेवता येत नाही. सरकारच्या देणगी योजनेत सामील झालेल्या शाळांना तर मुक्कामी शिबिरे सोडून अशी देणगी मागताच येत नाही. तरीही ज्यांना शक्य आहे त्यांनी द्यावी असे मला वाटते, कारण बसचे भाडे कोणाच्या तरी खिशातून जातच असते. ज्यांची पहिल्या वर्षी ओढाताण चालू आहे, त्यांनी मात्र लाजून मुलाला त्या दिवशी घरी ठेवू नये. नेमके हेच करणारे एक कुटुंब माझ्या पाहण्यात आहे.

मदतनीस पालक व्हावे का

अवश्य व्हावे, विशेषतः पहिल्या वर्षी. शाळा कशी चालते, शिक्षिका मुलांशी कशा बोलतात, आपले मूल घराबाहेर कसे वागते, हे एका दिवसात जेवढे कळते तेवढे वर्षभराच्या पालक-भेटींत कळत नाही. इंग्रजी अडखळत येते म्हणून मागे राहण्याचे कारण नाही. तेथे व्याख्यान द्यायचे नसते, मुले सांभाळायची असतात. शाळेच्या पद्धतीप्रमाणे काही ठिकाणी पोलिसांकडून पूर्वतपासणी करून घेतात आणि तिला काही आठवडे लागू शकतात, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीलाच कार्यालयात आपले नाव देऊन ठेवावे.

होकार देण्यापूर्वी तीन गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. धाकट्या भावंडाला सोबत नेता येत नाही, त्याची सोय आधी करावी लागते. आपल्याला चार-पाच मुलांचा गट मिळतो आणि त्यात आपले मूल असेलच असे नाही. असले तरी दिवसभर त्याचाच हात धरून चालणे इतर मुलांवर अन्याय ठरतो. आणि आपल्या वाहनातून मुले न्यायची असतील, तर सात वर्षांखालील प्रत्येक मुलाला मान्यताप्राप्त बालआसन किंवा बूस्टर हा कायदाच आहे. 'दोनच किलोमीटर तर जायचे आहे' हे कारण येथे चालत नाही. शाळेने बस केली असेल तर हा प्रश्न येत नाही.

संबोधनाचा गोंधळ अनेकांचा होतो. येथे 'मॅडम' आणि 'सर' फारसे चालत नाही. मुले ज्या नावाने शिक्षिकेला हाक मारतात त्याच नावाने आपणही मारावी; काही वर्गांत ते पहिले नाव असते, काही ठिकाणी 'मिस' लावून, तर काही शाळांत माओरी भाषेतील 'फाएआ' हा आदरार्थी शब्द लावून. आईला किंवा मावशीला म्हणतात तोच हा शब्द, त्यामुळे मराठी कानाला शिक्षिकेला 'ताई' म्हटल्यासारखा तो चटकन आपला वाटतो.

घरी करायची तयारी

आदल्या आठवड्यात रोज दहा मिनिटे पुरेत. पृथ्वीचा गोल किंवा नकाशा घेऊन प्रथम दोन ध्रुव वेगळे करावेत, कारण चित्रांच्या पुस्तकांनी पांढरे अस्वल आणि पेंग्विन यांना एकाच हिमखंडावर बसवून ठेवले आहे. अस्वल उत्तरेला, पेंग्विन दक्षिणेकडच्या अर्ध्या जगात, आणि दोघांची निसर्गात कधीच गाठ पडत नाही, एवढे समजले तरी पुष्कळ झाले.

त्यापुढची गंमत अशी की या केंद्रातले जिवंत पेंग्विनही अंटार्क्टिकाचे नाहीत. ते 'कोरोरा' म्हणजे निळसर रंगाचे छोटे पेंग्विन, न्यूझीलंडच्याच किनाऱ्यावरचे, जगातील सर्वांत लहान जातीचे. उंची सुमारे ३३ सेंटीमीटर, वजन साधारण एक किलो. शाळेतली फूटपट्टी टेबलावर उभी धरून दाखवावी, त्यापेक्षा ते जरासेच उंच. उलट अंटार्क्टिकावरचा एम्परर पेंग्विन सव्वा मीटरच्या आसपास उंच होऊ शकतो, म्हणजे पाच वर्षांच्या मुलाच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा राहील. मुंबईकडच्या आजी-आजोबांनी 'आपल्या भायखळ्यालाही पेंग्विन आहेत की' असे म्हटले, तर तेही खरे आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये आणलेले हम्बोल्ट पेंग्विन मुळात पेरू आणि चिलीच्या किनाऱ्याच्या जातीचे आहेत, त्यामुळे बर्फाशी त्यांचाही संबंध नाही.

वर्गात सांगण्यासाठी मुलाजवळ एखादी घरची गोष्ट असावी असे वाटत असेल, तर गोव्याची गोष्ट द्यावी. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून जहाजाने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे उतरली. आज भारताची 'मैत्री' आणि 'भारती' ही दोन केंद्रे तेथे चालू आहेत, आणि त्यांचा कारभार वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून पाहिला जातो. नारळी-पोफळींच्या गावातून बर्फाचा कारभार चालतो, हे ऐकून माझ्या मुलीच्या वर्गातली मुले आणि शिक्षिका सारख्याच चकित झाल्या होत्या.

थंडीचे मराठी शब्दही याच आठवड्यात वापरून घ्यावेत. गारवा सुखाचा, गारठा बोचणारा, हुडहुडी भरते ती अंगात, कुडकुडतात ते दात, बधिर होतात ती बोटे. या सगळ्यांसाठी मुलाकडे एरवी 'कोल्ड' हा एकच शब्द उरतो.

कपडे आणि दप्तर

वादळाच्या खोलीत शिरण्यापूर्वी केंद्राकडून जाडजूड जॅकेट आणि बुटांवर चढवायची आवरणे मिळतात, त्यामुळे त्या एका प्रसंगासाठी महागडे जॅकेट विकत घेण्याची गरज नाही. परंतु ते जॅकेट पायांना झाकत नाही. गणवेशाचा फ्रॉक किंवा अर्धी चड्डी असेल तर आतून लोकरी किंवा पॉलीप्रॉपची (ऊब धरणाऱ्या कृत्रिम धाग्याची) घट्ट विजार घालावी. सुती मोज्यांऐवजी लोकरी मोजे द्यावेत, कारण सुती कापड घामाने किंवा पाण्याने भिजले की अंगालाच थंड लागते. हातमोजे पंजाचे एकसंध असावेत. पाच बोटांच्या हातमोज्यात पाच वर्षांच्या मुलाची पाच बोटे योग्य जागी बसवणे, आणि तसे चार मुलांच्या बाबतीत करणे, किती वेळखाऊ असते हे मदतनीसालाच कळते.

बूट चिकटपट्टीचे द्यावेत. आवरण चढवायला व उतरवायला मूल खाली बसते तेव्हा नाडी सुटतेच. पहिल्या आणि चौथ्या सत्रात, म्हणजे उन्हाळ्याच्या बाजूच्या महिन्यांत, डबा बाहेर बसून खाण्याचा बेत असू शकतो, तेव्हा रुंद काठाची टोपी आणि सनस्क्रीन विसरू नये. बर्फ पाहायला गेलेले मूल उन्हाने लाल होऊन परतणे येथे अगदी शक्य असते. दप्तर मुलाला स्वतः उचलता येईल एवढेच भरावे, आणि टोपीपासून डब्याच्या झाकणापर्यंत प्रत्येक वस्तूवर नाव लिहावे, कारण तीस मुलांच्या निळ्या टोप्या एकसारख्या दिसतात.

डबा

माझी सर्वांत मोठी चूक येथे झाली. मी मोठ्या हौसेने साबुदाण्याची खिचडी दिली होती. शाळेच्या पत्रात 'नट्स आणू नयेत' असे स्पष्ट होते, आणि मी ते वाचलेही होते. पण नट्स म्हणजे काजू-बदाम असे माझ्या डोक्यात बसलेले, आणि दाण्याचा कूट हा मला कधी वेगळा पदार्थ वाटलाच नव्हता. शिक्षिकेने डबा उघडल्यावर हसून विचारले, मी उत्साहाने सगळे घटक सांगितले, आणि खिचडी पुन्हा बंद होऊन माझ्या पिशवीत आली. वर्गातील एका मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी होती. त्या दिवशी माझ्या मुलीने शिक्षिकेने दिलेली बिस्किटे आणि माझ्या पिशवीतले केळे खाल्ले.

म्हणून दाण्याची चटणी, कूट घातलेली कोशिंबीर किंवा भाजी, चिक्की, शेंगदाणे घातलेला चिवडा आणि दाण्याचे लाडू हे सर्व घरीच ठेवावे. पोळीची तूप-साखर गुंडाळी, मेथीचे ठेपले, इडली, पनीर भरलेली पोळी, काकडीचे सँडविच हे उत्तम चालते. डबा गरम करून मिळत नाही, तेव्हा गार खाता येईल असेच द्यावे, आणि चमच्याशिवाय खाता आले तर फार बरे. सकाळच्या छोट्या सुट्टीचा खाऊ आणि दुपारचे जेवण वेगवेगळ्या डब्यांत द्यावे, नाहीतर मूल साडेदहालाच सगळे संपवते. वेष्टनांचा कचरा बहुधा परत घरी आणावा लागतो. बऱ्याच शाळांत जेवणापूर्वी मुले माओरी भाषेत एक छोटी प्रार्थना म्हणतात. ती संपेपर्यंत कोणी डब्याला हात लावत नाही. 'वदनी कवळ घेता'वर वाढलेल्या पालकांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

इतर मुलांना मात्र आपल्या डब्यातले काहीही देऊ नये. आपल्या संस्कारांना हे कठीण जाते, पण नियम नियम आहे.

सहलीचा दिवस

मुलांची मोजणी हे मदतनीसाचे मुख्य काम. बसमध्ये चढताना, उतरताना, प्रत्येक दालनात शिरताना, बाहेर पडताना आणि स्वच्छतागृहानंतर मोजावे. पण केवळ आकडा मोजू नये. माझ्या पहिल्या सहलीत मी पेंग्विनच्या काचेपाशी चार मुले मोजली आणि पुढच्या दालनातही चारच भरली, म्हणून निश्चिंत झाले. तेवढ्यात चौथ्याने मान वर केली, आणि तो दुसऱ्याच शाळेचा मुलगा निघाला. आमच्या गटातली चौथी मुलगी मागे काचेला नाक लावून तशीच उभी होती, आणि आपण हरवलो होतो याचा तिला पत्ताही नव्हता. तेव्हापासून मी नाव घेऊन, चेहरा पाहून मोजते, आणि निघण्यापूर्वी चौघांच्या बुटांचे रंग कागदावर टिपून ठेवते.

स्वच्छतागृहात दुसऱ्याच्या मुलासोबत एकट्याने आत जाऊ नये. शिक्षिकेला सांगून दोन-तीन मुलांना एकत्र न्यावे आणि आपण दाराबाहेर थांबावे. फोटो काढण्याविषयी शाळेचा नियम आधी विचारावा. इतर मुले दिसत असलेला फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटातही टाकू नये.

वादळाची खोली

या खोलीचे तापमान सुमारे उणे ८ अंश सेल्सिअस असते, आणि वादळ सुरू झाले की ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वाऱ्यामुळे ते अंगाला उणे १८ अंशांसारखे लागते. हवा तेवढीच थंड असताना वाऱ्याने अधिक गारठा का लागतो, हे मुलांना सांगण्याची सोपी युक्ती अशी की आपल्या कातडीभोवती आपल्याच उबेचे एक पातळ पांघरूण असते आणि वारा ते सारखे ओढून नेतो. घरी पंख्यासमोर कोरडा हात धरून हा प्रयोग आधीच करून घ्यावा. मग खोलीत मूल घाबरण्याऐवजी 'माझे पांघरूण गेले' असे ओरडते.

तरीही काही मुले घाबरतात, आणि ते थंडीमुळे नसते. दिवे मंद होतात, वाऱ्याचा आवाज चढत जातो, आणि सगळ्यांनी सारखीच जॅकेटे घातल्यामुळे ओळखीचा चेहरा सापडत नाही. ही जॅकेटे लहान मुलांना फार ढगळ होतात आणि बाह्या हाताच्या वीतभर पुढे लोंबतात. अशा बाहीतून हात शोधून धरणे अवघड असते. म्हणून आत जाण्यापूर्वीच बाह्या दुमडाव्यात, टोपी मागे सारून चेहरा मोकळा ठेवावा, आपण दाराच्या बाजूला उभे राहावे आणि घाबरणाऱ्या मुलाला आपल्याला टेकून उभे करावे. ज्याला आत जायचे नाही त्याच्यावर जबरदस्ती करू नये. कोण बाहेर थांबणार हे शिक्षिकेशी आधी ठरवलेले असावे. 'एवढा मोठा झालास आणि रडतोस' हे वाक्य येथे कोणी वापरत नाही, आपणही वापरू नये. वादळ काही मिनिटांचेच असते.

पेंग्विन, हॅग्लुंड आणि बाकीचे

येथील पेंग्विन इजा झाल्यामुळे किंवा दृष्टी गेल्यामुळे समुद्रात परत सोडता न येणारे, वाचवून आणलेले पक्षी आहेत. एखाद्याचा पंख अर्धाच असतो. मुले हे मोठ्यांपेक्षा आधी टिपतात आणि मोठ्याने विचारतात. लपवू नये, सरळ सांगावे. पाण्याखालची बाजू काचेतून दिसते, आणि जमिनीवर डुलत चालणारा तोच पक्षी पाण्यात किती सफाईने वळतो हे पाहण्यात लहान मुले सहज पंधरा मिनिटे घालवतात. येथे घाई करू नये. माझ्या मते सगळ्या सहलीत मुलांना खरोखर काही उमगते ते याच काचेपाशी. भरवण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. आपला गट तेव्हा कोठे असेल हे सकाळीच विचारून घ्यावे.

हॅग्लुंड ही स्वीडिश बनावटीची, पट्ट्यांवर चालणारी आणि पाण्यातही तरंगणारी गाडी. अशाच गाड्या अंटार्क्टिकावर वापरतात. बाहेरच्या मार्गावर ती चढ-उतार घेते आणि पाण्यात उतरते. धक्के चांगलेच बसतात, म्हणून ज्यांना गाडी लागते त्यांना जेवणाआधी न्यावे, आणि शाळेच्या कार्यक्रमात ही फेरी आहे की नाही व लहानांसाठी काय अटी आहेत हे शिक्षिकेला आधी विचारून मगच घरी तिची वर्णने करावीत. चित्रपटगृहात खुर्च्या हलतात आणि तोंडावर पाण्याचे तुषार येतात. एवढे आधी सांगितले की पुरते.

भेटवस्तूंच्या दुकानात बहुतेक शाळा मुलांना नेत नाहीत. मदतनीसाने आपल्या एकट्या मुलासाठी काही विकत घेऊ नये. हवे असेल तर पुन्हा सुट्टीत जावे.

परत आल्यावर

शाळा तीन वाजता सुटते, तेव्हा भारतात ऋतूप्रमाणे सकाळचे साडेसात किंवा साडेआठ वाजलेले असतात आणि आजी-आजोबा चहा घेत असतात. फोन तेव्हाच लावावा, कारण संध्याकाळपर्यंत मूल जेवणाच्या टेबलावरच पेंगते. काय पाहिलेस असे विचारले तर 'काही नाही' हे उत्तर येते. पेंग्विनचा पंख कसा होता, वारा आला तेव्हा तू कोठे उभा होतास, असे विचारावे. दुसऱ्या दिवशी वर्गात याच विषयावर लिहायचे आणि चित्र काढायचे असते, त्याची उजळणीही यातच होते.

रात्री कपडे यंत्रात टाकण्यापूर्वी छातीवरचा नावाचा स्टिकर आठवणीने काढावा. गणवेशाच्या स्वेटरवर तो धुतला गेला की त्याचा चिकटा काही केल्या जात नाही. आमच्या थोरलीचा स्वेटर आता धाकटा घालतो, आणि त्यावर तिच्या नावाचे पहिले अक्षर अजून वाचता येते.